अभिषेकाचे पाणी आणि अडेनियम

ओषधींचा स्वामी जो सोम, त्यास वंदन करून, आमच्या दादरच्या बागप्रेमी मंडळाच्या आग्रहावरून हा अनुभव लिहितो.

"आप्पा, हे खोड जरा दाबून बघा. जुन्या बटाट्यासारखं लागतंय," गिरगावच्या सुमनताई गॅलरीत कुंडीपाशी उभ्या राहून म्हणाल्या. मी निवृत्त उद्यानतज्ज्ञ. घरोघरच्या झाडांची व्हिजिट अजूनही करतो.

कुंडीत अडेनियम होते. मरुभूमीतले, गुलाबी फुलांचे. त्याचे खोड तळाशी फुगीर असते, कारण तोच त्याचा पाण्याचा साठा. ते मऊ पडले म्हणजे रूट रॉट, अर्थात मूळकूज. ओमानमधल्या सलालाला नोकरीस गेलेल्या लेकीने जाताना ते आईला दिले होते. चैत्रात ती येणार होती, आणि झाड मरणाला टेकले होते.

"पाणी किती घालता?"

"पाणी मुळीच नाही! फक्त देवाच्या अभिषेकाचं. ते काय मोरीत ओतायचं?"

"रोज?"

"देव रोजच आंघोळ करतात ना!"

आतून यजमान ओरडले, "सोमवारी दूधसुद्धा असतं हो, आप्पा!"

मी हसू आवरले. अभिषेकाचे जल मीही तुळशीला घालतो. श्रद्धेत दोष नव्हता, कुंडी चुकली होती. मी लेकीला व्हिडिओ कॉल लावायला सांगितले. तिने तिथला डोंगर दाखवला. उघडा खडक, आणि त्याच्या फटींत हीच झाडे.

"अगंबाई! ह्यांना पाणी कोण घालतं?"

"पावसाळा सोडला तर कोणीच नाही, आई."

मी कुजलेला भाग कापला, हळद लावली आणि झाड मातीविना सावलीत टांगले. सुमनताईंचे डोळे भरले. "उपाशी मारणार का त्याला?"

"ताई, ही त्याची निर्जला एकादशी. जखम सुकली की पारणे."

हे त्यांना तत्काळ पटले. पुढे भरड वाळू व विटांच्या तुकड्यांच्या मिक्समध्ये झाड लावले, तरी पाण्याआधी त्यांचा फोन येई: "आज सोडू का उपास?" बहुतेक वेळा मी नाहीच म्हणे.

चैत्रात लेक आली. झाडावर पाने जेमतेम, फुले मात्र फांदीफांदीवर.

"आई, घातलंस तरी काय ह्याला?"

"काही नाही गं," सुमनताई म्हणाल्या. "काहीच नाही."

झाडाला पाणी घालण्याआधी त्याचे मूळ गाव विचारावे, एवढाच बोध. वाचकहो, आपल्या घरी ज्याला जेवढे हवे तेवढे मिळो, आणि आपले कुटुंब सदा बहरलेले राहो.