छपरावरचा जुना भाडेकरू

लग्न करून मी मद्रासला आले तेव्हा मला तमिळ मुळीच येत नव्हतं, आणि लिहिण्या-वाचण्यापुरतं मराठीही जेमतेमच. चौथीत माझी शाळा सुटली. आई रानात जायची आणि धाकटी भावंडं माझ्या कडेवर असायची, मग शाळेत कोण जाणार? हे रेल्वेच्या कारखान्यात फिटर होते. रातपाळी असली की संध्याकाळी सायकल काढून जायचे, सकाळी यायचे आणि दुपारभर झोपायचे. दोन पाळ्यांच्या मधे जेवढं बोलणं व्हायचं तेवढंच माझं दिवसाचं बोलणं.

नुंगंबाक्कममध्ये एका कौलारू घराच्या परसात आम्ही एका खोलीत राहायचो. ती खोली मिळाली याचं मला आजही नवल वाटतं. मांस-मच्छी खाणारे म्हटलं की लोक हात जोडून दार लावून घेत. या घराच्या मालकीणबाई तर तंजावरकडच्या, विधवा, कडक सोवळ्याच्या. त्या दारातूनच वाटेला लावणार, म्हणून मी यांना हळूच म्हटलं, "चला, उगाच कशाला उभं राहायचं." ते त्यांच्या कानावर गेलं. त्या म्हणाल्या, "बोल गे. अजून बोल." त्यांची मराठी पोथीतल्यासारखी जुनी, तमिळच्या हेलात गायल्यासारखी. घरात त्या एकट्याच होत्या. त्यांचे पूर्वज मराठी राजांबरोबर तंजावरला गेलेले, आणि ती भाषा त्यांच्याशी बोलणारं आता कोणी उरलं नव्हतं, हे मला पुढे कळलं. त्या दिवशी एवढंच कळलं की खोली मिळाली.

अटी दोन होत्या. त्यांच्या विहिरीला आम्ही शिवायचं नाही, आणि मी कोंबड्या पाळायच्या म्हटल्यावर दुसरी: कोंबड्या छपराखाली आणायच्या नाहीत. मी दोन्ही आनंदाने मान्य केल्या. त्यांनी झाडावर राहायला सांगितलं असतं तरी मी राहिले असते.

कोंबड्या कशाला, असं हे विचारायचे. अंडी मिळतात, असं मी सांगायचे. खरं म्हणजे मला कुणाला तरी "ये गं, कुठे उंडारत होतीस" म्हणायचं होतं. दुपारी सगळी आळी झोपली की मी उंबऱ्यात बसून त्यांना आमच्या गावची हकिकत सांगत असे. त्या मान वाकडी करून ऐकत. तांबडी तर फार कान देऊन ऐके.

आमच्याकडे तिन्हीसांजेला कोंबड्या डालग्याखाली झाकतात आणि वर पाटा ठेवतात. कोल्हं असो की मुंगूस, पाटा काही उचलत नाही. मी तसंच करत होते. एका सकाळी पाटा जिथल्या तिथे होता, डालगंही हललेलं नव्हतं, आणि आत एक कोंबडी मरून पडली होती. तिला मुंडकंच नव्हतं.

बंद डालग्यात मुंडकं तुटलेली कोंबडी म्हणजे आमच्या गावी एकच अर्थ, कुणीतरी करणी केली. आणि त्याहून मोठी भीती ही, की अम्मांच्या परसात रक्त सांडलं, आता त्या आपल्याला घालवणार. मालकीणबाईंना मी अम्माच म्हणत असे. मी घाईघाईने केळीखाली खड्डा खणला. काही दिवसांनी दुसरी कोंबडी तशीच गेली. पुन्हा खड्डा खणत होते, तेवढ्यात विहिरीवरून आवाज आला.

"काय पुरतेस गे?"

मी रडत सगळं सांगून टाकलं. त्या लांबूनच डालग्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "विणींतून पंजा घालतो. मान धरून ओढतो. मरनाय तो."

मरनाय म्हणजे झाडावरचं कुत्रं, आपलं उदमांजर. माडावरून कौलांवर उतरतं आणि दिवसा त्यांच्याच माळ्यावर निजतं. हे सांगताना त्यांना राग आलेला दिसला नाही.

यांना सांगितलं, तर म्हणाले, "हात्तिच्या! एखाद्या फासेवाल्याला बोलावतो. जाळं लावील आणि घेऊन जाईल." मला हायसं वाटलं. करणी नव्हती, आणि उरलेली तांबडी नेमकी खुडूक होऊन अंड्यांवर बसली होती. ती वाचणार या आनंदात मी धावत अम्मांना सांगायला गेले.

त्यांनी हातातली कळशी खाली ठेवली.

"नको बोलावूं," म्हणाल्या. "तो जुना भाडेकरू, तुम्ही नवे. हे गेले तेव्हांपासून वर पाय वाजतात. कोण तरी आहे म्हणून मीं निजतें."

ज्या बाईने आम्हाला आसरा दिला तिने पहिल्यांदाच काही मागितलं होतं. पण तांबडीही गेली तर दुपारी मी बोलणार कुणाशी? माझ्या तोंडून निघून गेलं, "मग माझी तांबडी?"

त्यांनी कळशी उचलली. आत जाता जाता, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "छपराखालीं घे तिला."

यांनी कपाळाला हात लावला. "वा! आम्ही रातपाळीला, आणि खाटेपाशी कोंबडीबाई!" पण सुट्टीच्या दिवशी भिंत आणि कौलं यांमधली फट त्यांनी पत्रा ठोकून बंद केली, खिडकीला जाळी बसवली आणि जाळी हाताने ओढून ओढून पाहिली. त्या दिवसापासून तांबडी पाटीत, पाटी खाटेखाली. हे कामावर गेले की मी कडी लावायची, मग पुन्हा उठून ती लागली आहे ना हे बघायचं. दिवे लागले की कौलांवर पावलं यायची. अम्मांच्या बाजूने निघायची, माझ्या डोक्यावर येऊन थांबायची. मी पाटीवर हात ठेवून बसायचे. भीती तर वाटायचीच. पण पावलं परत गेली की खोली आणखीच मोठी वाटायची, हेही तितकंच खरं.

पिल्लं निघाली त्या सकाळी हे नुकतेच येऊन झोपले होते. उठवायचं कसं? मी विहिरीपर्यंत गेले आणि अलीकडेच थांबले.

मी काही सांगायच्या आधी अम्मांनीच विचारलं, "काल रात्रीं तुझ्याकडे होता काय तो?"

"हो. कितीतरी वेळ. पिल्लं चिवचिवत होती ना."

"तरीच," त्या म्हणाल्या. "मला झोंप नाहीं आली." मग पदर सारखा करत, "दाखीव तरी."

मी पिल्लं सुपात घालून आणली. त्या विहिरीच्या पलीकडे, मी अलीकडे. त्यांनी पुढे यायचं नव्हतं, आणि मीही जायचं नव्हतं. म्हणून मी त्यांना दिसावं एवढं सूप तिरकं करून धरलं, आणि पिल्लं घसरू नयेत म्हणून खाली हात लावून तशीच उभी राहिले, त्यांचं बघून होईपर्यंत.