चहाचं चाक

आमच्या स्टाफरूममध्ये गणिताच्या सरांच्या मोबाइलवर एक चाक होतं. आता ते निघत नाही, पण आठवलं तरी मस्तकात तिडीक उठते. गोल, रंगीबेरंगी, प्रत्येक फाकीत एकेकाचं नाव. बोटाने ढकललं की टकटक करत फिरायचं, थांबायचं आणि टाळ्या वाजायच्या. टाळ्या कशाच्या, तर शनिवारी मिरचीभजी आणायची की भडंग, हे ठरलं म्हणून. एम.ए., बी.एड. झालेली माणसं त्या मोबाइलवर डोकी घालून वाकलेली असायची. पंखा किती जोरात लावायचा तेही एकदा चाकाने ठरवलं. आणि हीच माणसं वर्गात जाऊन पोरांना सांगायची, स्वतःच्या डोक्याने विचार करा.

हे चाक आलं ते शिपाईमामा रिटायर झाल्यावर. बेळगावातल्या या हायस्कुलात चहा तेच करायचे आणि कपही तेच धुवायचे. त्यांच्या जागी कुणी आलं नाही आणि मधल्या सुट्टीतला चहा तर कुणाला सुटेना. मग खानापूरहून रोज येणाऱ्या गणिताच्या सरांनी तोड काढली. रोज चाक दोनदा फिरवायचं, एकदा चहा कुणी करायचा यासाठी आणि एकदा कप कुणी धुवायचे यासाठी. “भांडण न्हाय, तंटा न्हाय,” सर म्हणाले. “नाव येईल त्यानं उठायचं.” सगळ्यांनी माना डोलावल्या, मीही डोलावली.

मी तेव्हा शाळेत नवीन होते. माहेर निपाणीचं, आई तंबाखूच्या वखारीत कामाला जायची. तिच्या जिवावर शिकले आणि इथे विज्ञान शिकवायला आले. पहिल्याच दिवशी आडनाव विचारून झालं. तेवढ्याने भागेना, तेव्हा हिंदीच्या बाईंनी निपाणीतली गल्ली विचारली. या बाईंना सगळी शाळा आक्का म्हणते. मी गल्ली सांगितली आणि आम्ही बौद्ध आहोत हेही सांगून टाकलं, म्हणजे पुढचे प्रश्न वाचतील. आक्का गोड हसल्या. “आमी तसलं काय मानत न्हाय हं,” त्या म्हणाल्या. मी काही विचारलं नव्हतं.

चहासाठी पहिल्यांदा माझं नाव आलं तेव्हा मी उठलेच होते. “अगं, बस की,” आक्का म्हणाल्या. “नवीन हाईस, तुला कशाला तरास? सर, परत फिरवा.” सरांनी फिरवलं, मराठीच्या सरांचं नाव आलं आणि ते कुरकुरत उठले. मला तर बरंच वाटलं. माणसं जीव लावणारी आहेत असं वाटलं. पुढे कप धुवायला माझं नाव आलं तेव्हा कुणी बसवलं नाही. मी कप धुतले, त्यात काही मनाला लागण्यासारखं नव्हतं.

पुढच्या वेळी चहाला नाव आलं तर म्हणे, “तुमचा आता तास हाय न्हवं?” तास नव्हता. त्याच्या पुढच्या वेळी माझ्या घशाची काळजी निघाली. घसा ठणठणीत होता. एकदा तर कुणी काही बोलायच्या आत सरांनीच बोट लावून चाक परत फिरवलं. कपांवर मात्र नाव आलं की सगळे एका सुरात, “चाकानं सांगितलंय, इलाज न्हाय!” तक्रार करायलाही जागा नव्हती, कारण कपांवर आक्कांचं नाव आलं तर त्याही पदर खोचून धुवायच्या. तो नियम सगळ्यांना सारखा होता.

मला कळायला दिवाळी उजाडली. एका दुपारी धुतलेले कप पालथे घालत होते आणि एकदम ध्यानात आलं की या खोलीत मी अजून चहा केलेलाच नाही. एकदाही नाही. यांचे उष्टे कप मी धुतलेले चालतात, माझ्या हातचा चहा चालत नाही.

अंगाची लाही लाही झाली. घरी नवऱ्याला सांगितलं. तो उद्यमबागेत फौंड्रीत सुपरवायझर आहे. “सोड की,” तो म्हणाला. “चहा करायचा वाचला तुझा.” मी त्याच्यावरही उखडले. मला चहाची हौस नव्हती, घरी करते तेवढा पुरे आहे. पण रिटायर होईपर्यंत या माणसांबरोबर एका टेबलाला बसायचं होतं. माझ्या हातचं ती तोंडाला लावतात की नाही, हे मला एकदा डोळ्यांनी बघायचंच होतं.

नाव आलं त्या दिवशी टाळ्या वाजायच्या आत मी उठले.

“अगं थांब,” आक्का म्हणाल्या. “सर, परत...”

“फिरवू नका, सर,” मी म्हणाले. “माझं नाव आलंय. मी करते.”

मी पातेलं विसळलं, दुधाची पिशवी फोडली, आलं ठेचून घातलं. चहा चांगला केला, मुद्दाम चांगला केला. प्रत्येकासमोर नेऊन कप ठेवला.

आक्कांना एकाएकी संकष्टी आठवली. मागच्या संकष्टीला याच बाई चहा मागून प्यायल्या होत्या. मराठीच्या सरांचं पित्त उसळलं. ड्रॉइंगचे सर मोबाइल कानाला लावून बाहेर गेले, तो वाजलाही नव्हता. गणिताच्या सरांनी कप उचलला, माझ्याकडे बघितलं आणि खाली ठेवला. “लई गरम हाय,” म्हणाले. मग घंटा झाली आणि सगळे आपापल्या वर्गावर गेले. चहावर साय धरली. मी माझा कप शेवटच्या घोटापर्यंत प्यायले आणि बाकीचे मोरीत ओतले. तेव्हा मला रडू आलं, आणि असल्या लोकांपायी रडू आलं म्हणून स्वतःचाही संताप आला.

दुसऱ्या दिवशी चाक निघालंच नाही. मधली सुट्टी झाली आणि प्रत्येकाच्या पिशवीतून थर्मास बाहेर आला. सगळ्यांना एकदमच कसं सुचलं, कुणी कुणाला फोन केले, मी विचारलं नाही. विचारण्यासारखं काही उरलं नव्हतं.

गणिताचे सर आपला थर्मास घेऊन माझ्या शेजारी येऊन बसले. माणूस वाईट नाही, असं त्यांच्याबद्दल सगळेच म्हणतात. ते हळूच म्हणाले, “म्याडम, मनाला लावून घेऊ नका. खेळ होता तो आपला. चाकाला काय कळतंय?”

“व्हय सर,” मी म्हणाले. “त्याला कळत न्हाय, म्हणून तर त्यानं माझं नाव काढलं.”

सर थर्मासचं झाकण घट्ट करत बसले.