तुकडी नाही, नुसता रस्सा

"तुम्हाला मासा बाधत नाही, माशातली अळी बाधते," सांगलीच्या डॉक्टरबाई म्हणाल्या. आजाराला एकदाचं नाव मिळालं म्हणून मला बरं वाटायला हवं होतं. मला मात्र संताप आला. इतक्या दवाखान्यांच्या पायऱ्या झिजवल्या, हे कुणालाच कसं सुचलं नाही?

अळीचं नाव अ‍ॅनिसाकिस. समुद्राच्या माशांत असते, दोऱ्यासारखी बारीक. नीट शिजवलं की मरते, पण काहींच्या शरीराला मेलेली अळीही सोसत नाही. शरीर एखाद्या गोष्टीवर असा डूख धरून बसतं, त्याला सेन्सिटायझेशन म्हणतात.

सुरुवात आष्ट्याला आमच्या घरातच झाली. आमचे मिस्टर फौजेतून निवृत्त झालेले, माशांचे भारी शौकीन. एका रविवारी त्यांनी कोकणातून आलेले बांगडे आणले. जेवून काही तास झाले आणि माझ्या अंगभर लालबुंद गांधी उठल्या. आपल्याकडे गांधी उठल्या म्हणजे पित्त, यावर कुणाचं दुमत नसतं. मला आमसुलाचं पाणी चोळलं, घोंगडीत गुंडाळलं. घोंगडीनं आणखी खाजलं. सकाळी गांधी उतरल्या आणि सगळं श्रेय घोंगडीला मिळालं.

पुढच्या खेपेला ओठ सुजले. गावातल्या डॉक्टरांनी अ‍ॅसिडिटीची गोळी दिली. मग त्वचारोगतज्ज्ञांकडे गेले. अर्धा दिवस बाकावर बसल्यावर ते म्हणाले, "अर्टिकेरिया आहे." म्हणजे काय, तर अंगावर पित्त उठणं! घरातलंच निदान इंग्रजीत ऐकून परत आले.

त्यांनी रक्त मात्र तपासायला लावलं. त्यात माशाची अ‍ॅलर्जी नाही असं आलं. मिस्टरांनी रिपोर्ट मोठ्यानं वाचला. "शैला, मासा निगेटिव्ह हाय की! बांगडं आणतो."

त्या बांगड्यांनी माझा गळा आवळला. सांगलीला नेलं तेव्हा आवाज फुटत नव्हता.

तिथल्या डॉक्टरबाईंनी पहिल्यांदा मला नीट प्रश्न विचारले. कुठला मासा? किती वेळानं त्रास? "आणि नदीचा मासा खाल्ला तर?" कृष्णेच्या माशानं मला कधी काही झालं नव्हतं. तिथं त्या थबकल्या. अळीची वेगळी तपासणी इथं होत नव्हती, रक्त बाहेर पाठवावं लागलं. रिपोर्टची वाट बघून डोळे शिणले. शेवटी आला, त्यानं अळीकडेच बोट दाखवलं.

"समुद्राचा मासा कायमचा बंद," त्या म्हणाल्या. "तळलेला नको, सुकवलेला नको, शिजवलेलाही नको. शिजवून अळी मरते, तिचा त्रास मरत नाही."

असे आणखी किती पेशंट आहेत, मी विचारलं.

"मलाही माहीत नाही. कुणी तपासतच नाही. पित्ताच्या गोळ्या घेत बसलेले असतील."

त्यांनी अ‍ॅड्रेनलिनचं इंजेक्शन जवळ ठेवायला सांगितलं. जीवघेणी अ‍ॅलर्जी उसळली, तर हेच वाचवतं. मी दुकानं पालथी घातली. "हे दवाखान्यातच मिळतं," असं जो तो सांगायचा. अहो, दवाखान्यापर्यंत पोचण्यासाठीच हवंय ना!

ते मिळण्याआधीच आम्हा दोघांना रहिमतपूरला नणंदेकडे जेवायला जावं लागलं. वन्संना फोनवर बजावून सांगितलं होतं. घरभर सुरमईचा वास होता, पण माझ्या वाटीत अंडं होतं.

"वन्सं, यात मासा नाही ना?"

"न्हाई गं, एकबी तुकडी न्हाई."

आमच्या भागात रस्सा कुणी मोजतच नाही. मटण सोडलेला माणूसही "फोड नको, नुसता रस्सा घाल" म्हणतो, आणि त्याचं सोडणं मोडत नाही. वन्संनी त्याच हिशेबानं सुरमईच्या रश्शात उकडलेली अंडी सोडून मला वाढली होती. माझ्यासाठी मुद्दाम.

हात धुऊन बसले आणि तळहात पेटले. मग श्वास अडकला. साताऱ्याच्या दवाखान्यात शिरताना वन्सं सांगत होत्या, "पित्त झालंय तिला." डोळ्यांपुढं अंधारी येत होती आणि ते शब्द ऐकू येत होते. वाटलं, आता या पित्तापायीच मरणार मी.

मिस्टर ओरडले, "पित्त न्हाई! अ‍ॅलर्जी हाय, अ‍ॅड्रेनलिन द्या!" मांडीत इंजेक्शन बसलं. अ‍ॅलर्जीच्या अशा झटक्याला अनाफिलॅक्सिस म्हणतात; रक्तदाब कोसळतो, माणूस मिनिटांत जाऊ शकतो. त्या ओरडण्यासाठी मी नवऱ्याला सगळे बांगडे माफ केले.

वन्सं उशाशी रडत होत्या. "म्या मुद्दाम दिलं का गं?" मारायला निघालेलं माणूस माझ्यावर जीव टाकणारं होतं, त्याच्यावर धड चिडताही येईना.

तुमच्या घरी कुणाला मासे खाल्ल्यावर गांधी उठत असतील, तर घोंगडी बाजूला ठेवा आणि डॉक्टरांना अळीबद्दल विचारा. ते हसले, तर दुसऱ्या डॉक्टरांकडे जा.

आता सांगलीहून मागवलेलं इंजेक्शन पिशवीत असतं, ते द्यायला मिस्टर शिकलेत. परवा मी पुन्हा रहिमतपूरला गेले. जावई आले होते म्हणून मासे होते. वन्संची जाऊ वाढत होती. तिनं माझ्याकडं पळी नेली, तसा वन्संनी माझ्या वाटीवर हात आडवा धरला. गरम रस्सा त्यांच्या बोटांवर सांडला.

"आवं, तुकडी न्हाई," जाऊ म्हणाली. "नुस्ता रस्सा हाय."

वन्संनी हात काढला नाही.

"तवाबी नुस्ता रस्साच हुता."