बिल्डर, झेंडू आणि गाडीची शर्यत

माझा नवरा चाकणच्या एका कंपनीत क्वालिटी खात्यात आहे. तिथे काहीही बिघडलं की पाच वेळा ‘का’ विचारतात आणि पाचव्या उत्तराला मूळ कारण म्हणतात. पद्धत चांगली असेल, पण हा माणूस ती घरीही घेऊन येतो. एकदा माझं वरण करपलं, तेव्हा चौथ्या ‘का’ला माझी आई आली. तिथेच मी त्याला थांबवलं.

या वेळी बिघाड माझ्या गेममध्ये होता. दर रविवारी दुपारी मी पुण्याजवळच्या पुनावळ्यातून आणि माझी धाकटी बहीण चेन्नईतून कॉम्प्युटरवर गाड्यांची शर्यत खेळायचो. तिच्या नवऱ्याच्या बदलीमुळे ती तिकडे गेली होती. आजूबाजूला मराठी बोलणारं कुणी नाही, आणि फोन केला की ‘सगळं छान आहे’ म्हणून दोन मिनिटांत ठेवून द्यायची. गाडी चालवताना मात्र तासभर बडबडायची. मला शर्यतीचं काय, तो तास हवा होता.

दिवाळीनंतर गेम अडकायला लागला. एका सेकंदात पडद्यावर किती चित्रं येतात तो आकडा कोपऱ्यात दिसतो. आधी साठ असायचा, आता चौदावर आला. माझी गाडी वळणावर गोठायची आणि थेट खड्ड्यात उगवायची. बहिणीचा आवाजही तुटत होता. शेवटी ती म्हणाली, ‘‘राहू दे ताई. नको खेळूया आता. मी करून घेईन सवय.’’ कसली सवय, ते ऐकूच आलं नाही.

मी घाबरले आणि तक्रार क्वालिटी खात्याकडे नेली. नवऱ्याने ड्रायव्हर, म्हणजे चित्रं दाखवणाऱ्या कार्डाची प्रणाली, नवे टाकले. चित्राचा दर्जा इतका उतरवला की झाडं गेली, सावल्या गेल्या आणि रस्ता पिठल्यासारखा दिसायला लागला. आकडा सोळा झाला. मग तो कागद घेऊन बसला. गेम का अडकतो? कार्ड तापतं. का तापतं? खोली गरम. का गरम? खिडकी पश्चिमेला. पश्चिमेला का? बिल्डरने तशी ठेवली. बिल्डरने का ठेवली? त्याला अक्कल नाही. मूळ कारण सापडल्याच्या समाधानात त्याने कॉम्प्युटरसमोर टेबलफॅन लावून दिला. आकडा अकरावर आला.

पुढच्या रविवारी तो ओव्हरटाइमला गेल्यावर मी स्क्रूड्रायव्हर घेतला. कॉम्प्युटरच्या डब्यावर खंडेनवमीची झेंडूची माळ तशीच होती. कंपनीत मशीनवरची माळ सुकून आपोआप गळेपर्यंत कुणी काढत नाही, म्हणून आमच्याकडेही नाही. ती गळत होती, फक्त आतल्या बाजूला. पुढच्या जाळीतून पंख्याने पाकळ्या ओढून घेतल्या होत्या, वर टेबलफॅनने उरलेल्याही आत ढकलल्या होत्या. माळेचा दोरा दांडीला गुंडाळला गेल्याने आतला पंखा चक्क थांबला होता. मी मूठभर निर्माल्य काढलं. ज्या माळेने यंत्राचं रक्षण करायचं, तिनेच त्याचा गळा धरला होता.

नवरा घरी आला आणि त्याने आधी विचारलं, माळ कुणी काढली? मी पिशवी दाखवली. त्याने आत डोकावून पाहिलं. मग कागदावर बिल्डर खोडून ‘परकीय वस्तू’ असं लिहिलं. ‘झेंडू’ लिहायला काही त्याचा हात धजावला नाही.

बहिणीला मी विनवण्या करून एका शर्यतीसाठी बसवलं. चित्राचा दर्जा पुन्हा चढवला, तरी आकडा साठ. झाडं परत आली, सावल्या परत आल्या, माझी गाडी लोण्यासारखी वळत होती. मी खुशीत तिला झेंडूची गोष्ट सांगत होते आणि ती हसतही होती. पण तिचा आवाज अजून तुटत होता.

मी आकडा पाहिला. साठच होता.

तिचा आवाज रडू दाबल्यामुळे तुटत होता, आणि इतके आठवडे मी कॉम्प्युटरवर खापर फोडत होते. मी गाडी रस्त्याच्या कडेला थांबवली. तिनेही मागून येऊन आपली गाडी शेजारी लावली.

‘‘का गं?’’ मी विचारलं.

एकदाच विचारावं लागलं.