देक्सियासने खोडलेली नावं

देक्सियास मूळचा शेजारच्या मेगारा शहराचा. चाळीस वर्षं त्याने अथेन्समध्ये दगडावर अक्षरं कोरली, तरी आमच्या लेखी तो उपराच. जनसभेचे निम्मे ठराव त्याच्याच छिन्नीतून उतरायचे. म्हणायचा, "'लोकांनी ठरवलं' हे मी डोळे मिटूनही कोरीन. फक्त त्या लोकांत मी नाही, एवढं ध्यानात ठेवायचं."

मी अथेन्सचा नागरिक. त्याच्या शेजारी बसून दगड घडवायचो.

तीस बड्या घरच्या माणसांनी जनसभा मोडून राज्य बळकावलं आणि मारायच्या माणसांच्या यादीत माझं नाव लागलं. देक्सियासने मला अकरा दिवस संगमरवराच्या ढिगामागे लपवलं. त्याची बायको फिलिन्ना दगडाच्या चिपांच्या पाटीत जवाची भाकरी दडवून आणायची. त्यांचा एकुलता मुलगा मोलोन तोवर फिलेच्या डोंगरी किल्ल्यावर, बंडखोरांत गेला होता. बंडखोर बंदरापाशी उतरले, तेव्हा देक्सियासही त्यांना जाऊन मिळाला. तिथल्या मुनिखियाच्या टेकडीवर बापलेक एका रांगेत लढले. मोलोन तिथेच पडला.

तीसजण पळाले, लोकांचं राज्य परत आलं. आमच्या बाजूने लढलेला प्रत्येक उपरा आता नागरिक, असा ठराव झाला. मीही हात वर केला होता. कोरायचं काम देक्सियासकडेच आलं. एकेक नाव, लढाईत पडलेल्यांचंही, पुढे त्याचा धंदा: माळी, गाढववाला, भटारी. मोलोनच्या नावापाशी तो थांबला आणि मला म्हणाला, "तू जरा बाहेर जाऊन ये."

दगड उभा राहायच्या आतच ठरावावर खटला झाला. पंचांच्या बाकावर मी होतो. ठरावाविरुद्ध बोलणारा पैसे मोजून वक्तृत्व शिकलेला होता. म्हणाला, "प्रत्येक ठराव आधी पाचशेंच्या मंडळापुढे यावा लागतो, हा आलाच नव्हता. कायदा वाकवून न्याय करायचा, तर तीसजणांनी काय वेगळं केलं?" आम्ही माना डोलावल्या. खरं सांगायचं तर मला कायद्याची चाड नव्हती. शेजारच्या बाकावरचा कुजबुजला, "हजारभर नवी मतं आली, तर आपल्याला विचारतो कोण?" तेच माझ्या मनात होतं. माझा मताचा खडा ठरावाच्या विरुद्ध पडला.

ठराव रद्द झाला. नावं खोडायचा हुकूम घेऊन कारकून आला.

देक्सियास म्हणाला, "बाकीची खोडतो. पण ह्या पोराचं राहू दे. मेलेला काय मत द्यायला येणार आहे?"

"बाबा रे, हुकूम सगळ्यांचा आहे."

"मग दुसऱ्या कुणाकडून खोडून घ्या."

"दुसरा दगड बिघडवेल. तुझा हात सफाईचा."

देक्सियासने छिन्नी उचलली. कारकून गेल्यावर मान वर न करता त्याने मला विचारलं, "तुझा खडा कुठं पडला रे?"

"दादा, कायदाच तसा होता…"

"कायदा होय! माझ्या ढिगामागे लपलास, तेव्हा मी कुठल्या मंडळाला विचारलं होतं?"

तो दिवसभर खोडत राहिला. त्या दिवसापासून आमचं बोलणं तुटलं. अक्षरं कोरणंही त्याने सोडलं आणि बंदराकडे दळायची जाती घडवू लागला.

दोन वर्षांनी नवा ठराव झाला. फिलेच्या किल्ल्यापासून जे बरोबर होते ते नागरिक. मागाहून आले त्यांना फक्त करात सवलत. देक्सियास मागाहून आलेला. हे त्याला मीच जाऊन सांगितलं. वाटलं होतं, सवलत ऐकून तरी थोडं बरं वाटेल.

त्याने जातं बाजूला सारलं. "म्हणजे मोलोन नागरिक झाला असता?"

"हो."

आतून फिलिन्ना बाहेर आली. हात पिठाने माखलेले. "ऐकलंत का? पोरगं जगतं तर ह्यांच्यातलं झालं असतं," ती नवऱ्याला म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "बरं झालं मेला. तुमच्यात बसून कुणाच्या तरी बापाविरुद्ध खडा टाकायला शिकला असता."

देक्सियासने तिला गप्प केलं नाही. मी उठलो. दारापर्यंत सोडायलाही कुणी आलं नाही.

त्याच हिवाळ्यात तो गेला. त्याच्या थडग्यावर दगड मी बसवणार होतो. फिलिन्नाने बसवू दिला नाही.