सनकोटाला मिळालेलं ऊन

कंपनीच्या वार्षिक तपासणीत माझं ड जीवनसत्त्व तळाला निघालं आणि साखर अगदी काठावर. डॉक्टरांनी विचारलं, "उन्हात जाता का?"

"रोज. काळेवाडी ते चाकण, स्कूटीवर."

त्यांनी मला नीट पाहिलं. गळ्यात तोंडाला गुंडाळायचा स्कार्फ, अंगात सनकोट, मांडीवर हेल्मेट, त्यात कोपरापर्यंतचे हातमोजे.

"हे सगळं घालून?"

"मग कशी जाणार?"

"म्हणजे ऊन तुमच्या सनकोटाला मिळतंय, ताई."

अंगात थोडी सूजही आहे म्हणाले. मी लगेच पायांकडे पाहिलं.

"दिसणारी नव्हे, आतली. रक्तात कळते. ती, साखर आणि वाढलेलं पोट मिळून पुढे हृदयाला त्रास देतात."

तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी. साखर उतरली नाही तर गोळी. माझ्या आईची गोळी एकदा सुरू झाली ती शेवटपर्यंत सुटली नाही. मला ती नको होती.

ड जीवनसत्त्वाची कॅप्सूल आठवड्याला एक सुरू झाली. शिवाय जेवणाच्या सुट्टीत मी काम करते त्या कंपनीच्या स्टोअरमधून बाहेर पडायचे, बाह्या वर करायचे आणि आवाराला फेऱ्या मारायचे. पहिल्याच दिवशी फोर्कलिफ्टवाला शेजारी येऊन थांबला.

"मॅडम, बसा की. सोडतो."

"कुठे सोडणार? मी गोल फिरतेय."

रविवारी गच्ची. सासूबाई इथल्या जुन्या शेतकरी घरातल्या. त्या पापड उलटायला आल्या.

"आता तूबी वाळत पडलीस व्हय? काळी झालीस तर कुनी वळखायचं न्हाई."

"साखरेनं नाही ओळखलं म्हणजे झालं, आई."

तीन महिन्यांनी ड वर आलं आणि साखर खाली. मी तोऱ्यात म्हटलं, "उन्हाची कमाल!"

"ड मुख्यतः कॅप्सूलने वाढलं असणार," डॉक्टर म्हणाले. "आणि नुसतं ड वाढवून साखर उतरते, हृदय शाबूत राहतं, असं मी म्हणणार नाही. साखर बहुधा फेऱ्यांनी उतरली."

"मग गोळी?"

"सध्या नको. फेऱ्या मात्र सोडू नका."

सोडल्या नाहीत. स्कार्फही सोडला नाही, चाकणच्या रस्त्यावरची धूळ डॉक्टरांना खावी लागत नाही.

परवा गच्चीत सासूबाईंनी आपला हात माझ्या रापलेल्या हाताशेजारी धरला आणि खूश होऊन म्हणाल्या, "आत्ता कुठं आमच्या घरची दिसतीस."