भोक पाडलेली टाकी

सलीमच्या टीमची टाकी मी दुसऱ्यांदा हातात घेतली, तेव्हा प्राचार्य म्हणाले, "साहेब, इतरांना एवढा वेळ दिला नव्हता."

खरं होतं. महाडच्या केमिकल कारखान्यात मी आणि सलीम एकाच वर्षी मेंटेनन्सला लागलो. गल्फच्या नोकरीचा इंटरव्ह्यू दोघांनी दिला. तो गेला, मी राहिलो. परत आल्यावर गावात जो तो त्यालाच सल्ला विचारू लागला. आता पॉलिटेक्निकच्या रोबोट स्पर्धेतही गर्दी त्याच्याच पोरांच्या टेबलाभोवती. मी शिकवलेल्या पोलादपूरच्या टीमकडे कुणी फिरकत नव्हतं.

न्यूमॅटिकचं, म्हणजे दाबलेल्या हवेवर चालणाऱ्या यंत्रांचं काम येणारे इथे आम्ही दोघंच. म्हणून तपासणी माझ्याकडे आली. नियम साधा होता. हवेनं दांडा ढकलणारा सिलिंडर, व्हॉल्व्ह, हवेची टाकी, सगळं कंपनीतून आलं तसंच हवं. कापायचं नाही, भोक पाडायचं नाही. टाकीवर छापलेला दाब अखंड टाकीसाठी असतो. भोक पाडलं की त्या आकड्याला अर्थ उरत नाही, आणि टाकी फुटली तर शेजारी मुलं उभी असतात.

टाकीवरच्या दाब दाखवणाऱ्या गेजखालचे आटे मला खटकले. नवे होते. आणि इतके सुबक, की मला तसे जमले नसते.

"हे भोक कंपनीचं नाही."

"नाय," सलीम म्हणाला. "मी पाडलंय. गेज बसवायला."

"मग चालणार नाही."

मला बरं वाटलं. त्यानं वाद घातला नाही. "बरोबर हाय तुझं. आता पोलादपूरवाल्यांचंही असंच बघ."

त्यांना मी सकाळी वरवर बघून पास केलं होतं. आता सगळ्यांसमोर पुन्हा बघावं लागलं. ब्रॅकेटमध्ये बसेना म्हणून पोरांनी सिलिंडरचं टोक ग्राइंडरवर घासलं होतं. तोही बाद.

टीमची कॅप्टन मनीषा माझ्याकडे बघत राहिली. "सर, सकाळी तुम्हीच बघितला होता ना?"

सलीमनं गाडीतून पेटी आणली. स्वतःच्या पोरांना दुसरी टाकी दिली. मग एक नवाकोरा सिलिंडर काढून मनीषापुढे ठेवला. "हा बसेल. लावून बघ गो."

बसला. पोलादपूर पहिलं आलं, सलीमची टीम दुसरी. बक्षीस घेताना मनीषानं माइकवर आभार मानले ते सलीमसरांचे. टाळ्या मीही वाजवल्या.

तपासणीला हेवा करणारा माणूस नेमावा, त्याच्या नजरेतून काही सुटत नाही. फक्त सुरुवात त्याच्या स्वतःच्या टीमपासून करायला लावावी.